तुर्भे बेट

तुर्भे बेट : (ट्रॉम्बे). महाराष्ट्र राज्याच्या मुंबई उपनगर जिल्ह्यातील, मुंबई बंदराच्या वरच्या अंगास असलेले एक पूर्वीचे बेट व सांप्रत बृहन्मुंबईच्या पूर्व उपनगरांचा दक्षिण भाग. ते सु. १९° २′ उ. अक्षांश व ७२° ५५′ पू. रेखांश यांवर वसले असून त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी सु. ८ किमी. आहे. तुर्भे, माहूल, आणिक, चेंबूर, देवनार, गोवंडी, मानखुर्द व मंडाले ही त्यावरील प्रमुख जुनी गावे होत. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे एम पूर्व व एम पश्चिम हे दोन विभाग बव्हंशी या बेटावर व त्याभोवतीच्या भराव-भूमीवर पसरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ८,०७,७२० व ४,११,८९३ होती. दोन्ही विभागांची ही एकत्रित संख्या त्या वेळच्या सोलापूर शहराच्या लोकसंख्येहून अधिक भरते. ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर, नवी मुंबईत, तुर्भे नावाचेच दुसरे गाव आहे. प्रस्तुत बेटाशी त्याची गल्लत होऊ नये.

भूवर्णन : बेटाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस मुंबईचे बंदर व नैर्ऋत्येस माहूलची खाडी आहे. उत्तरेस व वायव्येस साष्टी बेट असून त्याला तुर्भे आता पूर्णपणे जोडले गेले आहे. बेटाच्या पूर्व व दक्षिण भागांत दक्षिणोत्तर पसरलेली डोंगराची रांग असून तिची कमाल उंची सु. ३०० मी. आहे. बृहन्मुंबईच्या दक्षिणार्धात इतकी उंच टेकडी दुसरी नाही. बंदरात शिरणाऱ्या जहाजांवरून ही रांग दूरवरून दिसे. तिच्या आकारावरून इंग्रज दर्यावर्दींनी तिला ‘नीट्स टंग’ म्हणजे बैलाची जीभ असे नाव दिले होते. डोंगर दख्खन ट्रॅप या ज्वालामुखीजन्य खडकाचा असून त्याच्या पूर्व उतारावरून समोर घारापुरी बेट दिसते. पश्चिमेकडील व उत्तरेकडील जमीन सखल आहे. पूर्वी तेथे भातखाचरे, मिठागरे व भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजणे होती. किनाऱ्यालगत तिवरांची दाट राने असून ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात.

बेटाच्या पुढील इतिहासावर या भूरचनेचा प्रभाव पडलेला आहे. डोंगराची आड असलेला पूर्व किनारा, बंदराच्या पाण्याशी लगत असलेला दक्षिण किनारा व पाणथळ असल्यामुळे शेतीस दुय्यम ठरलेली उत्तरेकडील खाजणे, असे तीन निरनिराळ्या प्रकारचे प्रदेश येथे एकत्र आढळतात. विसाव्या शतकात या तिन्ही प्रदेशांचा उपयोग महानगराने तीन वेगळ्या कारणांसाठी करून घेतला : पहिल्याचा अणुसंशोधनासाठी, दुसऱ्याचा खनिज तेलासाठी व तिसऱ्याचा केरकचऱ्यासाठी.

इतिहास : बेटावरील मूळ वस्ती कोळी, आगरी व शेतकरी समाजांची. देवनार भागात सापडलेल्या चौदाव्या शतकातील एका शिलालेखात माहूलचा उल्लेख येतो. यावरून ही गावे त्या काळी नांदती होती हे स्पष्ट होते. १५३४ मध्ये वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई व तिच्या परिसरातील बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या अमदानीत तुर्भे बेटावर चर्च उभारली गेली. १६२० ते १६३० या काळातील अशा वास्तूंचे अवशेष नंतरच्या काळातील वर्णनांत नमूद केलेले आहेत. या काळात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांचे वंशज आज ईस्ट इंडियन या नावाने ओळखले जातात व जुन्या गावठाणांत त्यांची वस्ती आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली व १७३९ मध्ये वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी काबीज केली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने हा प्रदेश त्यांच्याकडे कायम झाला.

एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराचा झपाट्याने विस्तार झाला, तरी तुर्भे त्यापासून अलिप्त राहिले. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत १८०५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या शीवच्या बांधामुळे मुंबई व साष्टी ही बेटे जोडली गेली. १८५३ मध्ये सुरू झालेला बोरीबंदर–ठाणे लोहमार्गही बेटाच्या पश्चिमेकडून, शीव व कुर्ल्यावरून गेला. साष्टी व तुर्भे यांच्यामधील खारट दलदल बांध, रस्ते, मिठागरे व भराव यांच्या योगाने क्रमाक्रमाने बुजत गेली. अशा रीतीने बेटाचे बेटपण एखाद्या मोठ्या बांधकामाने नव्हे, तर हळूहळू व पुष्कळसे नकळत नाहीसे झाले. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात समाविष्ट झाला व १९५० च्या सीमाविस्तारानंतर बृहन्मुंबईचा भाग बनला. सांप्रतचा मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

दळणवळण : कुर्ला–चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये घालण्यात आला, तो प्रारंभी उतारूंसाठी नव्हता. शहरातील केरकचरा महालक्ष्मीजवळ वाघिणींत भरून चेंबूरच्या दलदलीपर्यंत आणला जाई. उतारूंची वाहतूक १९२४ मध्ये सुरू झाली. म्हणजेच, शहराच्या माणसांपूर्वी शहराचा कचरा बेटावर येऊ लागला होता. १९२८ मध्ये अंधेरी–तुर्भे असा आणखी एक लोहमार्ग सुरू झाला. परंतु सांताक्रूझ येथील विमानतळासाठी जागेची गरज निर्माण झाल्याने १९३४ मध्ये तो बंद पडला. हार्बर मार्गाचा मानखुर्द–वाशी हा टप्पा ९ मे १९९२ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, ठाणे खाडीवरील पहिला रस्तापूल तयार होऊन मानखुर्द वाशीशी जोडले गेले होते. त्याला समांतर दुसरा पूल १९९७ मध्ये झाला. यामुळे एके काळी टोकाला असलेले मानखुर्द जुनी मुंबई व नवी मुंबई यांमधील नाके बनले. दक्षिण मुंबईस जोडणारा पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. बंदर ओलांडणारा शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ पासून वापरात असून तो बेटाच्या दक्षिणेकडून जातो.

बंदर व तेलशुद्धीकरण : बेटाच्या दक्षिण टोकास पीर पाव येथे १९२३ मध्ये खनिज तेलाच्या उताराकरिता धक्का बांधण्यात आला. ज्वालाग्राही माल शहरातील गोद्यांपासून व दाट वस्तीपासून दूर ठेवणे, हा त्यामागील उद्देश होता. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५१ च्या अखेरीस परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. त्यांनुसार स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये व बर्मा-शेल कंपनीचा १९५५ मध्ये माहूल–तुर्भे भागात सुरू झाला. पहिल्या कारखान्याची मालकी पुढे एसो कंपनीकडे आली. १९७४ मध्ये एसो कंपनीचे व १९७६ मध्ये बर्मा-शेल कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांतून अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम हे सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम आकारास आले.

मोठी तेलवाहू जहाजे पीर पावपर्यंत येण्याइतके पाणी तेथे खोल नव्हते. त्यामुळे घारापुरीजवळील जवाहर द्वीप (पूर्वीचे बुचर बेट) येथे सागरी तेल-अड्डा उभारण्यात आला. तेथे उतरविलेले कच्चे तेल समुद्रतळावरील नळांतून तुर्भे येथील कारखान्यांत येते. १९७४ मध्ये मुंबई हाय क्षेत्रात खनिज तेलाचा शोध लागला व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रतळावरील नळाने हे तेल उरण येथे व तेथून पुढे तुर्भे येथे आणण्याची सोय १९७८ मध्ये पूर्ण झाली. रासायनिक द्रव्यांच्या उताराकरिता पीर पाव येथे नंतरच्या काळात नवे धक्के बांधण्यात आले. गोद्या, वखारी व उतारूंची वर्दळ अशी बंदराची नेहमीची लक्षणे येथे दिसत नाहीत. माल नळांतून येतो व नळांतूनच जातो. त्यामुळे देशाच्या ऊर्जाव्यवहारात मोठे स्थान असलेले हे बंदर सामान्य मुंबईकराच्या पाहण्यात सहसा येत नाही.

इतर उद्योग : टाटा समूहाच्या औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९५६ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत मुंबईची विजेची गरज मुख्यतः सह्याद्रीतील जलविद्युत् केंद्रांवर भागविली जात असे. १९८४ मध्ये या केंद्रात ५०० मेगावॉट क्षमतेचा संच बसविण्यात आला. या क्षमतेचा तो भारतातील पहिलाच संच होय. भारतीय खत निगमाच्या तुर्भे येथील कारखान्यात १९६५ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. १९७८ मध्ये निगमाची पुनर्रचना होऊन हा कारखाना राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या उपक्रमाकडे आला. तेलशुद्धीकरण, वीज व खत हे तिन्ही उद्योग परस्परांजवळ असणे उत्पादनाच्या दृष्टीने सोयीचे ठरले. मात्र त्यांचा धूर व वायू एकाच हवेत मिसळत असल्याने शेजारच्या वस्तीवरील भारही एकत्रित झाला.

अणुसंशोधन : होमी जहांगीर भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना, तुर्भे ही संस्था स्थापन झाली. डोंगर व खाडी यांमधील पूर्व किनाऱ्याची जागा तीसाठी निवडण्यात आली. शीतनासाठी मुबलक पाणी, वस्तीपासून डोंगराने केलेली आड आणि तरीही मुंबईतील विद्यापीठ व संशोधनसंस्थांचे सान्निध्य, हे तिन्ही गुण या एकाच जागी होते. ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. सोव्हिएट रशिया वगळता आशियातील ती पहिली अणुभट्टी होय. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॉट क्षमतेची ‘सायरस’ १९६० मध्ये व ‘झर्लिना’ १९६१ मध्ये सुरू झाली. प्लुटोनियम वेगळे करणारा संच १९६४ मध्ये कार्यान्वित झाला. १९७४ मध्ये पोखरण येथे झालेल्या अणुस्फोटचाचणीत वापरलेले प्लुटोनियम सायरस अणुभट्टीतून मिळविलेले होते. भाभा यांचे २४ जानेवारी १९६६ रोजी विमान-अपघातात निधन झाले व १९६७ मध्ये संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. १०० मेगावॉट क्षमतेची ‘ध्रुव’ ही अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. अप्सरा २००९ मध्ये व सायरस २०१० च्या अखेरीस बंद करण्यात आली. अप्सरेची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. केंद्रातील शास्त्रज्ञ व कर्मचारी यांच्यासाठी अणुशक्तिनगर ही स्वतंत्र वसाहत उभारण्यात आली आहे.

देवनार : बेटाच्या उत्तर भागातील देवनार हे मूळचे छोटे खेडे. त्याच्या लगतच्या खाजणात १९२७ पासून नगरपालिकेने शहराचा कचरा टाकण्यास सुरुवात केली. हे क्षेत्र सु. १३२ हेक्टर होते. आरंभी कचऱ्याने खाजण भरून जमीन तयार करणे, हा लाभ मानला जाई. परंतु कचऱ्याचे प्रमाण व स्वरूप पालटले, प्लॅस्टिकचे प्रमाण वाढले आणि खाजण भरून झाल्यावर ढिगांची उंची वाढू लागली. अशा ढिगात हवा न पोहोचल्याने सेंद्रिय पदार्थ कुजून मिथेन वायू निर्माण होतो. तो पृष्ठभागाशी येऊन पेटला, म्हणजे आग ढिगाच्या आत धुमसत राहते व वरून मारलेले पाणी तेथवर पोहोचत नाही. जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेली मोठी आग अनेक दिवस धुमसत होती; तिच्या धुराने शहराचा मोठा भाग व्यापला व परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये तेथे पुन्हा आग लागली. अलीकडे शहरातील कचऱ्याचा बराच मोठा भाग कांजूरमार्ग येथे नेला जातो. देवनार येथे साठलेला सु. १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा जैविक प्रक्रियेने हटविण्यासाठी महानगरपालिकेने २०२५ मध्ये निविदा मागविल्या.

कचऱ्याच्या ढिगांवर उपजीविका करणारांची संख्या मोठी आहे. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक व रबर वेचून त्यांची प्रतवारी करणे व ती भंगारवाल्यांमार्फत पुन्हा कारखान्यांकडे पोहोचविणे, ही एक सुसूत्र व्यवसायसाखळी येथे निर्माण झाली आहे. ती शहराचा खर्च वाचविते. तथापि तिच्यातील वेचकांना इजा, श्वसनविकार व क्षयरोग यांचा धोका सतत असतो.

पूर्वी वांद्रे येथे असलेला महानगरपालिकेचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनार येथे हलविण्यात आला. सु. २६ हेक्टर आवारातील हा कत्तलखाना देशातील मोठ्या कत्तलखान्यांपैकी एक असून बकरी ईदच्या आधी येथे भरणाऱ्या बकऱ्यांच्या बाजारास अनेक राज्यांतून व्यापारी येतात.

याच देवनारमध्ये सामाजिक शास्त्रांच्या दोन नामांकित संस्था आहेत. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या व १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे आवार १९५४ पासून येथे आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही आशियातील लोकसंख्याशास्त्राच्या अध्यापनाचे महत्त्वाचे केंद्र होय. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ पासून एम विभागाच्या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास व त्यांवर काम करण्याचा उपक्रम हाती घेतला.

लोकवस्ती : बेटाच्या पश्चिमेकडील चेंबूर हे वसतिस्थान म्हणून प्रथम वाढले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी तेथे उभारण्यात आली; तमिळ, मल्याळी व पंजाबी कुटुंबेही मोठ्या संख्येने स्थायिक झाली. १९४८ मध्ये राज कपूर यांनी स्थापन केलेली आर. के. ही चित्रपटसंस्था व तिचा स्टुडिओ यांमुळे चेंबूर सर्वत्र परिचित झाले. या स्टुडिओस २०१७ मध्ये आग लागली व पुढे त्याची जागा विकली गेली.

उत्तर व पूर्व भागांतील वस्तीचा इतिहास वेगळा आहे. शहराच्या इतर भागांतून हटविलेल्या झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन येथे वारंवार करण्यात आले. कचराभूमीलगतच्या शिवाजीनगर व बैंगणवाडी या वसाहती भरावावर लहान भूखंड आखून वसविण्यात आल्या. अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, उठवून तेथील रहिवाशांना बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील चीता कॅम्प येथे हलविण्यात आले. २००० नंतर रेल्वेमार्ग व रस्ते यांच्या रुंदीकरणामुळे विस्थापित झालेली हजारो कुटुंबे मानखुर्द, गोवंडी व वाशी नाका येथील दाटीवाटीच्या इमारतींत आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मानवी विकास अहवालात महानगरपालिकेच्या २४ विभागांमध्ये एम पूर्व विभाग सर्वांत खालच्या क्रमांकावर होता. माहूल येथील पुनर्वसन-इमारतींतील रहिवाशांनी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध दाद मागितली असता, त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला व पर्यायी घर किंवा दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

खाडी व निसर्ग : माहूल व तुर्भे येथील कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या खाडीतील मासेमारीवर जगत आला. कोळंबी, बोई, निवटी, चिंबोऱ्या व शिंपल्या हे येथील प्रमुख उत्पन्न होय. कारखान्यांचे सांडपाणी, नागरी मैला, वाढता गाळ व सुरक्षेसाठी प्रतिबंधित झालेले किनारे यांमुळे हा व्यवसाय आक्रसत गेला आहे. याउलट, पोषक द्रव्यांनी भरलेल्या चिखलात शेवाळाची वाढ झाल्याने १९९० नंतरच्या दशकापासून शिवडी–माहूल किनाऱ्यावर व ठाणे खाडीत रोहित पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मोठ्या थव्यांनी येऊ लागले. त्यांत छोट्या रोहितांची संख्या अधिक असते. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सु. १६.९ चौ. किमी. भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत करण्यात आला. रोहितांचे आगमन हे खाडीच्या आरोग्याचे लक्षण मानता येत नाही. ज्या पाण्यात शेवाळ विपुल होते, त्याच पाण्यातून माशांच्या अनेक जाती दुर्मिळ होऊ शकतात.

महत्त्व व समस्या : मोठ्या बंदर-शहरांनी आपल्या शेजारच्या बेटांचा असा वापर केल्याची उदाहरणे इतरत्रही आढळतात. न्यूयॉर्क बंदरातील स्टेटन बेटावर १९४८ पासून २००१ पर्यंत त्या शहराचा कचरा फ्रेश किल्स येथील खाजणात टाकला जात असे. रहिवाशांच्या दीर्घकालीन मागणीनंतर ती जागा बंद करून तिचे उद्यानात रूपांतर करण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. तुर्भे बेटाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मुंबईस लागणारे इंधन व वीज आणि देशाच्या अणुकार्यक्रमाचा पाया येथे उभा राहिला. शहराला जवळ नको असलेला कचरा, कत्तलखाना व विस्थापित माणसे हीही येथेच आली. घातक व ज्वालाग्राही वस्तू वस्तीपासून दूर असाव्यात, या तत्त्वावर १९२३ ते १९६५ या काळात जे निर्णय घेतले गेले, ते त्या वेळच्या विरळ वस्तीचा विचार करता सयुक्तिक होते. नंतरच्या अर्धशतकात त्याच कारखान्यांच्या कुंपणांपर्यंत बारा लाख माणसांची वस्ती येऊन भिडली व त्यांपैकी कित्येकांना शासकीय निर्णयानेच तेथे आणले गेले. त्यामुळे मूळ निवडीमागील कारण उरले नाही, निवड मात्र कायम राहिली.

यापुढील नियोजनात कचराभूमीची शास्त्रीय सफाई, कारखान्यांभोवती निर्वस्ती पट्टा, तिवरांचे संरक्षण व पुनर्वसित वस्त्यांत आरोग्यसेवा या बाबी स्वतंत्रपणे न पाहता एकत्रितपणे विचारात घेणे आवश्यक आहे. देवनारची जागा मोकळी झाल्यावर तिचा उपयोग कशासाठी होतो, यावरून बेटाकडे पाहण्याची शहराची दृष्टी पालटली की नाही, हे ठरेल.